चार वाजताचे डोळे

अण्णा कर्णेकरांच्या गणपतीचे डोळे गेली सहा वर्षं अण्णा कर्णेकर रंगवत नव्हते, आणि ही गोष्ट अख्ख्या पेणमध्ये दोनच माणसांना ठाऊक होती. त्या दोघांत अण्णा नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे? स्वतःच्या हातची रेघ माणसाला ओळखू येत नाही? येते की. पण ओळखायचीच नसेल तर नाही येत, आणि अण्णांना ती ओळखायची नव्हती.

मूर्ती घडवणं तोवर माणसाच्या हातात राहिलंच नव्हतं. शाडूचा गाळ यंत्राच्या तोंडातून शेवेसारखा उतरे, थरावर थर चढे आणि तासाभरात हातभर उंचीचा गणपती पाटावर तयार. अंगाचा रंग, पितांबर, दागिने, सगळं फवाऱ्याची यंत्रं करत. राहिले डोळे. यंत्रानं काढलेले डोळे अगदी बिनचूक असत आणि कुणालाही नको असत. लोक म्हणत, देव आपल्याकडे बघतच नाही. म्हणून पेणच्या कारखान्यांत एकच काम हातानं होई, ते म्हणजे आखणी. भुवई, पापण्या, बुबुळ आणि शेवटी बुबुळातला पांढरा ठिपका. ज्याची आखणी त्याचं नाव. ‘कर्णेकरांचे डोळे’ हवेत म्हणून ठाण्या-पुण्याचे दुकानदार दिवाळी सरते न सरते तोच येऊन बसत.

रोजचा क्रम असा. सकाळी दहाला अण्णा पाटावर बसत. समोर पाच मूर्ती. डाव्या हातानं उजवं मनगट आवळून ते ब्रश टेकवत, आणि टेकवला रे टेकवला की रेघ भुवईची वाट सोडून कपाळावर भटकायला निघे. बुबुळ गोल व्हायचं ते चिंचोक्यासारखं वाकडं होई. अण्णा मान मागं घेऊन बघत आणि म्हणत, “ओला रंग फसवतो. वाळला की रेघ बसते.” हे वाक्य त्यांनी सगळ्या पेणात कारागिरीचं गुपित म्हणून वाटलं होतं. एक वाजता ते जेवायला घरात जात, जेवून आडवे होत, आणि इकडं कारखान्याचं दार आतून लावून वैजयंती कामाला बसे.

वैजयंती म्हणजे त्यांची मुलगी, वय एक्केचाळीस. ओल्या फडक्यानं ती तो सगळा गोंधळ पुसून काढी, त्यावर अंगाच्या रंगाचा हात मारी, तो वाळेपर्यंत उभ्या उभ्या दोन घास खाई आणि पाचही मूर्तींची आखणी नव्यानं करी. साडेतीनला दार उघडे. चार वाजता अण्णा चष्मा पुसत येत. मनातून टरकलेले असत, कारण ते काही वेडे नव्हते. सकाळी काय झालंय ते हाताला माहीत असतंच. पहिल्या मूर्तीसमोर ते वाकत, श्वास धरत, आणि मग त्यांचा चेहरा असा खुलून येई की बघणाऱ्याला भरून यावं.

“हं,” ते म्हणत. “बसली रेघ.”

हे बघणारी दुसरी जाणकार म्हणजे तुळसामावशी. तीस वर्षं ती या कारखान्यात पॉलिश पेपरनं मूर्ती घासत आली होती, आणि यंत्रं आली तरी अण्णांनी तिला काढलं नव्हतं. तिला हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता.

“सांग गो एकदाचं,” ती म्हणे. “तुझी मेहनत, नि शाबासकी कुणाला?”

“सांगितलं तर दारावरची नावाची पाटी उतरवतील मावशी. ज्या दिवशी हात गेला त्या दिवशी पाटी खाली, नि मीही खाली, असं म्हणालेत ते. तुझ्यासमोरच म्हणालेत.”

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं बावीस वर्षांपूर्वीचं होतं. आखणी कर्त्या पुरुषानंच करायची असा कर्णेकरांच्या घरचा नियम. एकोणीस वर्षांच्या वैजूनं तो मोडला. एका मूर्तीचे डोळे तिनं गुपचूप काढले आणि ती मूर्ती अण्णांपुढं ठेवली. आठ कारागीर काम टाकून बघत होते. अण्णांनी मूर्ती उजेडाकडं वळवली, हनुवटीखाली बोट धरून खूप वेळ बघितली आणि मग उजव्या हाताचा अंगठा दोन्ही डोळ्यांवरून आडवा फिरवला. ओला रंग कानापर्यंत फरफटत गेला.

“डोळे आहेत,” ते म्हणाले. “बघत नाहीत. जा, रंग कालव.”

कारागीर हसले. ती रंग कालवायला गेली. पण फुटक्या मूर्तींचा ढीग मागच्या पडवीत असे, आणि त्या ढिगातल्या प्रत्येक मूर्तीला तिनं पुढची सोळा वर्षं डोळे काढले. म्हणून सहा वर्षांपूर्वी अण्णांचा हात थरथरू लागला तेव्हा तिचा तयार होता. आणि रोज चार वाजता, एका वाक्यापुरतं का होईना, तिच्या कामाला तिच्या बापाच्या तोंडून ‘बसली रेघ’ मिळत होतं. त्या वाक्यावर ती जगत होती म्हणा ना. फक्त एकदा, एकदाच, ते तिच्या नावानं मिळावं एवढी तिची हाव होती.

*

दुखणं वाढत गेलं. उंबऱ्यापाशी अण्णांचे पाय जमिनीला खिळू लागले. सदऱ्याची तीन बटणं लावायला पाच मिनिटं. चेहरा निर्विकार, पापणीसुद्धा क्वचित लवायची. तेव्हा वैजयंतीनं त्यांना पनवेलला नेलं. तिथं डॉक्टर शलाका इनामदार म्हणून एक तरुण बाई होत्या, बोलायला फटाकडी, आणि कागदावर चित्रं काढून समजावायची त्यांना भारी हौस.

“मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, काका. मध्ये बारीकशी फट असते. ती ओलांडून निरोप न्यायचा तर रसायन लागतं. एक रसायन म्हणतं झोप, एक म्हणतं शांत हो, एक म्हणतं पळ. तुमच्यात जे कमी पडलंय ते डोपामाइन. ते तयार करणाऱ्या पेशी मेल्या. शंभरातल्या पंधरा-वीस उरल्या असतील.”

“म्हणजे हाताला हुकूम पोचत नाही,” अण्णा म्हणाले.

“पोचतो, पण त्यात जोर नसतो. डोपामाइन नुसता हात हलवत नाही. ‘हे कर, यात तुझं काहीतरी भलं आहे’ असं ते सांगतं. हालचाल आणि हौस, दोन्ही एकाच तोटीचं पाणी. ते आटलं की हा आजार. आणि धो धो वाहिलं तर माणसाला भास होतात, जुगारासारखे नाद लागतात. म्हणून प्रमाणात हवं.”

उपचार असा होता. अण्णांच्याच कातडीतून पेशी घ्यायच्या, त्यांना प्रयोगशाळेत डोपामाइन बनवायला शिकवायचं आणि मेंदूत रोवायच्या. पण नव्या पेशी अडाणी. कधी वाहायचं, कधी थांबायचं हे त्यांना कळत नाही. म्हणून त्यांच्याशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक नियामक बसवायचा. हा नियामक एकवीस दिवस नुसता ऐकतो. उरलेल्या जुन्या पेशी कधी उसळतात, त्या वेळी माणसाच्या डोळ्यांपुढं, कानांपुढं काय असतं, हे टिपून ठेवतो. एकविसाव्या दिवसानंतर तोटी त्याच्या हाती. टिपलेली गोष्ट दिसली की तो तोटी सोडतो, आणि सोडली की दिवसभर पुरते. जुन्या पेशी हिरमुसल्या तर बंद करतो.

“आणि एकविसाव्या दिवशी शिकवणी संपते,” डॉक्टर म्हणाल्या. “तोवर नव्या पेशींच्या मुळ्या रुजलेल्या असतात. मग पुसता येत नाही, बदलता येत नाही.”

“जुन्या पेशी उसळतात कशाला?” वैजयंतीनं विचारलं.

“अपेक्षेपेक्षा चांगलं मिळालं तर. नुसतं चांगलं मिळून भागत नाही हं. रोजचा चहा, रोजचं माणूस, याला त्या ढिम्म हलत नाहीत. ते मिळणारच हे मेंदूनं धरलेलं असतं. अपेक्षेइतकं मिळालं तर काही नाही, जास्त मिळालं तर उसळी, कमी मिळालं तर खड्डा.”

रोजचं माणूस म्हणजे आपण, हे वैजयंतीला लगेच कळलं. वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं.

“म्हणून या एकवीस दिवसांत नाटकं करू नका,” डॉक्टरांनी बजावलं. “त्यांना खूश करायला खोटं काही रचू नका. जे खरं, तेच नियामकाला शिकू द्या.”

अण्णा पडद्याआड सदरा घालत होते तेव्हा डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर गाठलं. “घरचं असं काही आहे का, जे मला माहीत असायला हवं?”

वैजयंतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पडद्याआडून अण्णांचं धापा टाकणं ऐकू येत होतं. दुसरं बटण चाललं होतं. आत्ता बोलले आणि त्यांनी ऐकलं तर, असं तिच्या मनात आलं.

“नाही,” ती म्हणाली. “आमच्याकडं सगळं रोजचंच.”

बाकीच्यांना वाटेल, केवढीशी ती चूक. पण ती पेणच्या त्या कारखान्याबाहेर कुणाला करताच आली नसती. सहा वर्षांची लबाडी तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती ‘रोजचं’ ह्या शब्दात आपसूक बसली.

*

कानामागं छोटंसं भोक पाडून पेशी रोवल्या, नियामक बसला. आठवड्यानं अण्णा घरी आले आणि शिकवणी सुरू झाली. सकाळी दहाला अण्णांची थरथर, एकला जेवण, चारला चष्मा पुसणं. वैजयंतीनं त्या एकवीस दिवसांत जी आखणी केली तशी आधी कधी केली नव्हती. अण्णा बरे व्हायला हवे होते. ती त्यांना जमेल तेवढा आनंद देत होती.

नियामक जे टिपे त्याचा आलेख डॉक्टरांना पनवेलमध्ये दिसे. बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला.

“अहो, चार वाजता काय होतं तुमच्याकडं? दिवसभर सपाट रेघ, आणि चारला डोंगर! इतकी स्वच्छ उसळी मी बघितली नाही कुठल्या पेशंटची.”

“चहा होतो,” वैजयंती म्हणाली.

“मग चांगला करता बाई तुम्ही चहा!” डॉक्टर हसल्या.

एकविसावा दिवस सरला. बाविसाव्या दिवशी अण्णा उठून कारखान्यात आले, आदल्या दिवशीच्या पाच मूर्ती ओळीनं ठेवल्या होत्या तिकडं त्यांनी बघितलं, आणि त्यांचा खांदा सैल झाला. हात कमरेपाशी शांत लोंबत राहिला. तुळसामावशीनं पॉलिश पेपर खाली टाकला.

“अण्णा, हात!”

अण्णांनी हात डोळ्यांपुढं धरला. उलटा केला, सुलटा केला. मग सदऱ्याचं वरचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस ढसाढसा रडला. वैजयंतीही रडली. देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी तिच्या मनात त्यांच्याविषयी मायेखेरीज काही नव्हतं.

त्या दिवशी अण्णांनी मनगट न आवळता पाच मूर्तींची आखणी केली. रेघ कुठं हलली नाही, बुबुळ गोल आलं. एक वाजता ते जेवायला गेले आणि वैजयंती सवयीनं ओलं फडकं घेऊन बसली. तुळसामावशीनं तिचा हात धरला.

“आता नको. आता त्यांचा त्यांना हात आलाय. सुटलीस तू.”

वैजयंतीनं मूर्तींकडं बघितलं. डोळे चांगले होते. कुठल्याही बऱ्या कारागिराचे असतात तसे. तिनं फडकं पिळून वाळत घातलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ती दुपारी घरात बसून जेवली.

चार वाजता अण्णा आले. आज धास्ती नव्हती, रुबाब होता. पहिल्या मूर्तीसमोर वाकले आणि तसेच राहिले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं. दुसरीकडं वळू गेले तर पाय उचलेना. ओठ हलले, शब्द नाही. मग ते जसेच्या तसे एका अंगावर कोसळले, हात पुढं धरायचीसुद्धा ताकद नव्हती. कपाळाला खोक पडली.

खोक बांधून, पाठीला उशी देऊन बसवलं तरी दीड तास ते लाकडासारखे होते. शेवटी वैजयंतीनं फडताळातून आदल्या आठवड्यातली एक मूर्ती काढून त्यांच्यापुढं धरली. तिची. बोटं हलली. मान वळली.

“पाणी दे,” अण्णा म्हणाले.

आणि तिला सगळं कळलं.

*

डॉक्टरांना या वेळी तिनं सगळं सांगितलं, फोनवर नाही, समोर बसून. डॉक्टरांनी पेन हातात घेतलं. चित्र काढलं नाही.

“मी तुम्हाला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“सरळ विचारलं होतं, बाकावर बसवून! नियामक काय शिकलाय कळतंय का तुम्हाला? तुमचे डोळे. तुम्ही काढलेले. रोज सकाळी ते स्वतःचं वाईट काम बघणार, दुपारभर घाबरणार आणि चारला अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं मिळणार. असा नमुना मी मुद्दाम घडवायचा म्हटलं तरी मला जमला नसता.”

“काढून टाका ना मग.”

“काढता येत नाही. तुमचे डोळे दिसले तर तोटी सुटणार. स्वतःचे दिसले तर खड्डा, आणि तोटी बंद. आणि तुमचेही रोज नवे हवेत. चार दिवस बघितले की तेही रोजचे होतात.”

“आणि त्यांना समजलं, ते माझे आहेत म्हणून?”

डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्या नजरेला नजर दिली. “मग तुमचे डोळे दिसले की त्यांना आधी दुःखच होईल. दुःख झालं की नियामक तोटी बंद करतो. दुसरं काही त्याला शिकवलेलं नाही. मला वाटतं, मग ती कायमची बंद.”

म्हणजे इथून पुढं असं झालं. पूर्वी ती थरथरत्या हाताची रेघ पुसत होती, आता धडधाकट हाताची पुसायची. हंगाम असो नसो, रोज नव्या मूर्ती, रोज नवे डोळे. ताप आला तरी, मावसबहीण वारली तरी. एकदा वैजयंती तीन दिवस तापानं अंथरुणाला खिळली आणि अण्णा तिसऱ्या दिवशी मोरीत अडकले ते तिथंच. तिनं भिंतीला धरून उठून एका मूर्तीचे डोळे काढले, मावशीनं ती मोरीच्या दारात नेऊन धरली, तेव्हा ते बाहेर आले. बाहेर आले ते चिडलेले. “चहा कुठाय?” म्हणाले.

कारण अण्णा बदलले होते. तोटी चांगली वाहत होती ना! छाती काढून बाजारात जात, नव्या चपला घेत, लोकांना थांबवून हात दाखवत. पाच-सहा वर्षांचं मुकं दुखणं गेलं आणि त्याच्या जागी जुना अण्णा आला, दुप्पट होऊन. वैजयंतीनं कालवलेला रंग त्यांना पातळ वाटे, तिची पोळी जाड वाटे, तिचं बोलणं लांबलचक वाटे. ती खोलीत आली तर त्यांचा चेहरा पडे आणि मूर्तीकडं वळले की खुले. डॉक्टरांचं ‘रोजचं माणूस’ तिला तेव्हा रोज आठवे.

“माझ्याच जिवावर बोंबलतायत,” ती एकदा मावशीला म्हणाली. हसत म्हणाली, पण फडकं इतकं पिळलं की ते फाटलं.

*

मे महिन्यात ठाण्याच्या गद्रेबाई आल्या. मोठं दुकान त्यांचं, पंधरा वर्षं कर्णेकरांचेच गणपती विकत होत्या. त्या दुपारी साडेचारला आल्या तेव्हा अण्णा नुकतेच पाच मूर्ती बघून खुशीत बसले होते. तुळसामावशी कोपऱ्यात घासत होती. वैजयंतीनं सरबत आणलं.

“अण्णा, स्पष्ट विचारते, रागावू नका,” गद्रेबाई म्हणाल्या. “तुमच्यानंतर कोण? पाटीवर तुमच्या नावाखाली आत्ताच दुसरं नाव घाला. म्हणजे गिऱ्हाइकाला सवय होईल.”

सरबताचा ग्लास वैजयंतीच्या हातात तसाच राहिला.

“माझ्यानंतर कोणी नाही,” अण्णा म्हणाले. “ही आखणी माझ्याबरोबर जाणार.”

“वैजयंतीताई आहेत की. इतकी वर्षं इथंच आहेत.”

“ही?” अण्णांना मनापासून हसू आलं. “हिनं एकदा काढले होते डोळे. विचारा मावशीला. डोळे होते हो, पण बघत नव्हते. रंग मात्र छान कालवते.”

गद्रेबाईही जरा हसल्या. मोठ्या माणसाच्या विनोदाला हसावं लागतं.

वैजयंतीनं ग्लास खाली ठेवला. “अण्णा, एक मूर्ती मला करू द्या. आत्ता, यांच्यासमोर.”

“काही नको. मूर्ती वाया जाईल.”

“माझ्या हिश्शाची समजा.”

तिनं पाटावरची बिनडोळ्यांची मूर्ती ओढली, ब्रश उचलला. तुळसामावशी धडपडत उठली आणि तिनं वैजूचं मनगट धरलं. “नको गो. नको पोरी. डॉक्टर काय म्हणाली ते आठव.”

आठवत होतं तिला. शब्द न् शब्द आठवत होता. आणि तरी तिनं मनगट सोडवून घेतलं. त्या वेळी तिला बाप बरा राहायला नको होता. तिला बापानं बघायला हवं होतं. हे दोन्ही एकदम मिळणार नाही हे तिला आठ महिने माहीत होतं आणि आठ महिने तिनं पहिलं निवडलं होतं. आज तिनं दुसरं निवडलं.

डावी भुवई एका श्वासात उतरली. मग उजवी. वरच्या पापण्या, खालच्या पापण्या. गद्रेबाई सरबत विसरल्या. बुबुळं आली, आणि वैजयंतीनं बारीक ब्रश पांढऱ्यात बुडवून एक ठिपका ठेवला, मग दुसरा. मूर्ती तिनं अण्णांकडं वळवली.

अण्णांचा चेहरा खुलला. अगदी तस्साच, चार वाजता खुलायचा तसा. डोळ्यांत पाणी आलं, तोंड ‘हं’ म्हणायला उघडलं. मग त्यांची नजर मूर्तीवरून ब्रशवर गेली, ब्रशवरून तिच्या बोटांवर, तिथून समोरच्या पाच मूर्तींवर आणि परत.

“सहा वर्षं, अण्णा,” वैजयंती म्हणाली. “सगळे. एकूण एक माझे आहेत. आता सांगा, बघतात का?”

अण्णांनी उजवा हात पुढं केला. त्या हाताला नखाएवढासुद्धा कंप नव्हता. अंगठा डाव्या डोळ्यावर टेकला आणि तिथून उजव्या डोळ्यावरून, कानापर्यंत, सावकाश आडवा फिरला. ओला रंग फरफटला. रेघ अगदी सरळ आली.

हात मूर्तीच्या कानापाशीच थांबला. तो तिथून मागं आला नाही.

*

डॉक्टरांनी आलेख दाखवला. ज्या क्षणी मूर्ती अण्णांकडं वळली त्या क्षणाची उसळी आजवरच्या सगळ्या उसळ्यांहून उंच होती. अकरा सेकंद टिकली. त्या अकरा सेकंदांत अंगठा फिरवून झाला होता. पुढं सपाट. नवे डोळे दाखवा, जुने दाखवा, तिचे दाखवा, त्यांचे दाखवा, सपाट. औषधाच्या गोळ्यांनी घास गिळण्यापुरतं घशाला जमे, बाकी काही नाही.

“पण लक्षात ठेवा,” डॉक्टर म्हणाल्या, “त्यांना सगळं कळतंय. दिसतं, ऐकू येतं, समजतं. फक्त बाहेर काही येत नाही.”

वैजयंतीनं मान डोलावली. घरी आल्यावर तिनं अण्णांच्या अंगठ्याला लागलेला काळा रंग पुसायला घेतला. नखाच्या कडेचा काही केल्या निघाला नाही.

हंगाम उभा राहिला. गद्रेबाईंनी नेहमीपेक्षा जास्त मूर्ती सांगितल्या. डोळे कुणाचे हे त्यांनी स्वतः बघितलं होतं, तरी निघताना त्यांनी तिला बाजूला घेतलं. “पाटीवर नाव मात्र अण्णांचंच राहू दे हं. लोकांना सवय आहे. उगीच शंका नको.”

“राहू दे,” वैजयंती म्हणाली.

मग दुपारी दार आतून लावायची गरज उरली नाही. ती सकाळपासून उघड्यावर आखणी करी. चार वाजले की दोघी मिळून अण्णांची खुर्ची कारखान्यात आणत आणि तयार मूर्तींच्या ओळीसमोर ठेवत. तुळसामावशीला वाटे, कधीतरी काहीतरी हलेल. वैजयंती नाही म्हणत नसे.

श्रावणात गद्रेबाई माल न्यायला आल्या. अण्णांसमोर जाऊन त्यांनी हात जोडले, नाव घेतलं, दोनदा हाक मारली. ते समोर बघत राहिले. पापणी लवली नाही.

“ओळखतात का हो?” गद्रेबाईंनी हळूच विचारलं.

वैजयंती ब्रश धरूनच उठली. तिनं अण्णांच्या हनुवटीखाली बोट धरलं, त्यांचा चेहरा दाराच्या उजेडाकडं वळवला, आणि वाकून खूप वेळ बघितलं. तुळसामावशीनं घासणं थांबवलं.

“डोळे आहेत,” वैजयंती म्हणाली. “बघत नाहीत.”

मग तिनं चेहरा होता तसा परत फिरवून ठेवला आणि पुढची मूर्ती पाटावर ओढली.